जास्त मतं एकीला आणि जास्त डेलिगेट दुसऱ्याला? अमेरिकन प्रायमरीचं गणित कोणी सांगेल का

चौकस
२००८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीबद्दल वाचत होतो. टेक्सासमध्ये हिलरी क्लिंटनला ओबामापेक्षा जास्त मतं पडली, टीव्हीवाल्यांनी ती जिंकली म्हणून जाहीरही केलं, आणि शेवटी डेलिगेट बघावेत तर ओबामा ९९, हिलरी ९४. हे कसं काय बुवा? आणि डेलिगेट म्हणजे खरी माणसं असतात की नुसता हिशोबाचा आकडा? इलेक्टोरल कॉलेज म्हणतात ते हेच का?

आकडेमोड
नाही हो, इलेक्टोरल कॉलेज नोव्हेंबरच्या मतदानानंतरचं, ते थेट राष्ट्राध्यक्ष निवडतं. प्रायमरी त्याच्या आधीची, पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाचा आपला उमेदवार ठरवायची. डेलिगेट हाडामासाची माणसंच असतात, बहुतेक पक्षाचे कार्यकर्ते, उन्हाळ्यात अधिवेशनाला जाऊन मत देतात आणि तिथे निम्म्याहून जास्त ज्याच्याकडे तो उमेदवार.

टेक्सासची गंमत अशी की तेव्हा तिथे दोन टप्पे होते, दिवसभर मतदान आणि त्याच रात्री कॉकस म्हणजे कार्यकर्त्यांच्या सभा. मतदानातून हिलरीला ६५, ओबामाला ६१. कॉकसला मात्र ओबामाची माणसं तयारीनिशी आली होती, तिथे त्याने ३८ विरुद्ध २९ नेले. झाली बेरीज.

पण मला विचाराल तर खरी मेख जिल्हावार (जिल्हा म्हणजे इथे मतदारसंघ) वाटपात आहे. डेमोक्रॅट मतांच्या प्रमाणात डेलिगेट देतात (१५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर भोपळा) आणि बरेचसे जिल्हानिहाय वाटले जातात. आता दोघांतच लढत आहे आणि जिल्ह्यात ४ डेलिगेट आहेत असं धरा. तुम्ही ६०-४० ने जिंकलात तर २.४ आणि १.६ येतात, म्हणजे दोघांना दोन दोन! तिसरा हवा तर साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावं लागतं. तेच ५ डेलिगेटच्या जिल्ह्यात ५१ टक्के मिळाले तरी ३-२. म्हणजे एकीकडे वीस टक्क्यांची आघाडी फुकट आणि दुसरीकडे दोन टक्क्यांत एक डेलिगेट खिशात. ओबामाच्या लोकांनी हे नीट ओळखलं होतं. त्याच वर्षी हिलरीने न्यू जर्सी जिंकलं, ५९-४८, म्हणजे ११ ची आघाडी. ओबामाने चिमुकल्या आयडाहोत १५-३ केलं, आघाडी १२. एवढं मोठं राज्य जिंकून बाई एकाने मागेच.

तिरकस
रिपब्लिकनांकडे उलटी तऱ्हा. तिथे नियम राज्यागणिक वेगळे, काही ठिकाणी प्रमाणात वाटतात तर काही ठिकाणी पहिला येईल तो सगळं घेऊन जातो. २०१६ ला साउथ कॅरोलिनात ट्रम्पला साधारण साडेबत्तीस टक्के मतं होती, म्हणजे तिघांतल्या दोघांना तो नको होता, तरी राज्यातही पहिला आणि सातही जिल्ह्यांत पहिला, म्हणून ५० च्या ५० डेलिगेट त्याचे. फ्लोरिडातले ९९ पण असेच एकगठ्ठा गेले. विरोधी मतं रुबिओ, क्रूझ वगैरे बाकीच्या उमेदवारांत फुटली की दुसरं काय होणार. उमेदवारीसाठी एकूण डेलिगेट लागत होते १२३७. डेमोक्रॅट नियमांनी इतकी झटपट आघाडी घेता आली नसती असं माझं मत, वाद घालायला तयार आहे.

चौकस
आकडेमोड, ते ४ आणि ५ वालं आत्ता डोक्यात शिरलं, आभार! मग सुपरडेलिगेट काय भानगड आहे? आणि कोणालाच निम्मे मिळाले नाहीत तर?

आकडेमोड
सुपरडेलिगेट म्हणजे डेमोक्रॅट खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी. मतदारांच्या कौलाला ते बांधील नसतात, वाटेल त्याला मत देतात. २००८ ला ते आठशेच्या वर होते, त्यामुळे शेवटपर्यंत दोन्हीकडून त्यांची मनधरणी चालली होती. २०१६ नंतर हिलरीकडून प्रायमरी हरलेल्या सँडर्सच्या लोकांनी ओरड केली आणि २०१८ ला नियम बदलला, आता निकाल आधीच पक्का नसेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत त्यांना मत नाही.

निम्मे कोणाचेच नसले तर पुढची फेरी, तेव्हा बरेच डेलिगेट मोकळे होतात आणि खरी घासाघीस सुरू होते. १९२४ ला डेमोक्रॅटांना १०३ फेऱ्या लागल्या होत्या, कारण तेव्हा निम्मे पुरत नव्हते, दोन तृतीयांश लागायचे. ती अट १९३६ ला काढली. एकापेक्षा जास्त फेऱ्या शेवटच्या झाल्या त्या १९५२ ला, डेमोक्रॅटांनी स्टीव्हन्सनला उमेदवार केलं तेव्हा.

तिरकस
आणि २०२४ विसरू नका, बायडनने जुलैत माघार घेतली तेव्हा त्याचे जवळजवळ ३९०० डेलिगेट एका दिवसात मोकळे झाले. ते आपोआप कमला हॅरिसचे होत नव्हते, पण दोन दिवसांत बहुतेकांनी तिला पाठिंबा जाहीर करून टाकला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ऑनलाइन मतदानात शिक्कामोर्तब. अधिवेशन व्हायच्या आधीच.