शब्दचर्चा: ‘सापेक्ष’ म्हणजे ‘ज्याचं त्याचं’ का?

प्रश्नकर्ता
‘शेवटी सत्य सापेक्ष असतं’ हे वाक्य हल्ली कुठल्याही वादात हरायला लागलं की काढलं जातं. त्यातल्या ‘सापेक्ष’चा नेमका अर्थ काय? ‘व्यक्तिनिष्ठ’ आणि ‘सापेक्ष’ एकच का? आणि उलट बाजूला काय म्हणावं: निरपेक्ष, वस्तुनिष्ठ की त्रिकालाबाधित? नाशिकच्या रोजच्या व्यवहारातली उदाहरणं दिलीत तर बरं होईल.

गोदाकाठ
एकच नाहीत. सगळा घोळ ‘अपेक्षा’ या शब्दाने केला आहे. आज अपेक्षा म्हणजे आशा, म्हणून ‘निरपेक्ष सेवा’ म्हणजे फळाची आशा न धरता केलेली. शास्त्रात मात्र अपेक्षा म्हणजे कशाकडे तरी पाहून, कशाच्या तरी हिशेबाने. हा जुना अर्थ आपल्या तोंडात दिवसभर असतो, फक्त ओळखू येत नाही. ‘कालच्यापेक्षा आज पाणी चढलंय’ यातला ‘पेक्षा’ त्याच अपेक्षेतून आलेला आहे.

म्हणजे ज्याच्या पोटात एक ‘कशाच्या हिशेबाने’ दडलंय ते विधान सापेक्ष. कुणाला काय वाटतं याच्याशी त्याचा संबंध नाही. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की नाशिककर ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातल्या उंच मूर्तीच्या) कमरेला लागलं’ असं सांगतात. मूर्तीच्या हिशेबाने सांगितलं, म्हणजे सापेक्ष झालं. पण घाटावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, कंबर तीच. गंगापूर धरणाचा विसर्ग क्यूसेकमध्ये सांगतात, सेकंदाला एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर. ते माप सुटणाऱ्या पाण्याचं, उंचीचं नव्हे. ‘इतके क्यूसेक सोडले म्हणजे पाणी कमरेला येणार’ असा पक्का हिशेब काही जण मांडतात आणि फसतात, कारण धरणाखाली शहरात पडलेला पाऊसही नदीतच उतरतो.

सातपूरकर
आमच्याकडे कारखान्यात ‘सापेक्ष’ आणि ‘निरपेक्ष’ हे दोन शब्द चुकले की पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रेशर गेजचा शून्य म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. म्हणजे गेजवरचा आकडा सापेक्ष. निरपेक्ष दाब, ज्याला शॉपवर सगळे ‘ॲब्सोल्यूट’ म्हणतात, तो पूर्ण निर्वातापासून मोजायचा. गेजवरच्या आकड्यात हवेचा दाब मिळवला की निरपेक्ष दाब मिळतो. समुद्रकाठी हवेचा दाब 1.013 बार. नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर, त्यामुळे इथे तो सुमारे 0.94 बार. कॉम्प्रेसरच्या टाकीवर 7 दिसत असतील तर आत निरपेक्ष 7.94 आहेत. गॅसच्या सूत्रात 7 घातले की उत्तर चुकलंच.

खरी गंमत व्हॅक्यूम पंपाची. त्याचा गेज बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी झाला ते दाखवतो. समुद्रकाठी पूर्ण निर्वात झाला तर गेज पाऱ्याचे 760 मिलिमीटर दाखवेल. इथे जगातला सर्वात चांगला पंप लावला तरी काटा 707 च्या आसपास थांबणार, हवामानाप्रमाणे थोडं मागेपुढे. आता मुंबईच्या युनिटमधला प्रोसेस-कागद जसाच्या तसा अंबडला, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, येतो आणि त्यावर ‘व्हॅक्यूम 740’ लिहिलेलं असतं. काटा तिथे पोचणं शक्यच नाही. मग पंपाचं तेल बदला, सील बदला, फ्लँजला साबणाचं पाणी लावून गळती शोधा, पाळीच्या पाळ्या वाया. पंप ठणठणीत असतो. मुंबईच्या 740 चा अर्थ 760 वजा 740, म्हणजे 20 मिलिमीटर निरपेक्ष दाब. कागदावर ‘20 निरपेक्ष’ लिहिलं असतं तर इथल्या ऑपरेटरने 707 मधून 20 वजा करून 687 ला काम सुरू केलं असतं.

740 हे खोटं नव्हतंच. त्याचं गाव लिहायचं राहिलं होतं.

पंचांगी
गावावरून आठवलं, तिथीचंही असंच आहे. चंद्र सूर्याच्या पुढे 12 अंश गेला की एक तिथी संपते. हा क्षण पृथ्वीच्या मध्यावरून गणतात, त्यामुळे नाशिक, नागपूर, कोलकाता सगळीकडे एकच. पण दिवसाला नाव पडतं ते सूर्योदयाला चालू असलेल्या तिथीवरून, आणि सूर्योदय गावागणिक वेगळा. नाशिकचा रेखांश 73 अंश 47 कला, नागपूरचा 79 अंश 5 कला. अंशाला 4 मिनिटं धरली तर सुमारे 21 मिनिटांचा फरक.

समजा नागपूरला सूर्य 6.00 ला उगवला, नाशिकला 6.21 ला, आणि दशमी संपली 6.10 ला. नागपूरला तो दिवस दशमीचा, नाशिकला एकादशीचा. दोन्ही बरोबर. म्हणून पंचांग घेतल्यावर आधी ते कोणत्या गावच्या अक्षांश-रेखांशावर केलंय ते पाहावं, भविष्य नंतर.

याच्यावर आणखी एक थर आहे. एकादशीच्या उपासासाठी स्मार्त मंडळी सूर्योदयाला दशमी आहे का पाहतात; असेल तर उपास दुसऱ्या दिवशी. भागवत (वैष्णव) मंडळी अरुणोदयाला पाहतात, म्हणजे सूर्योदयाआधी 4 घटिका, 96 मिनिटं. एकाच वाड्यात दोन दिवशी उपास पडतो तो यामुळे. इथे गाव एक, आकाश एक, नियम दोन.

निफाडकर
व्यक्तिनिष्ठ कशाला म्हणायचं ते मराठी व्याकरणानेच वेगळं काढलंय. ‘द्राक्षाचा घड 18 ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आहे’ आणि ‘घड मला आंबट लागतो’ ही दोन्ही एकाच घडाबद्दल एकाच वेळी खरी असू शकतात, कारण आम्ल जास्त असेल तर 18 लाही जीभ आंबट म्हणते. ‘आहे’ रिफ्रॅक्टोमीटरचं, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या यंत्राचं, ‘लागतो’ जिभेचं. लागणं, वाटणं, भासणं, दिसणं या क्रियापदांना ‘मला’ जोडता येतं, ‘आहे’ला तसं जोडता येत नाही. ‘मला तो 18 ब्रिक्स आहे’ असं कुणी म्हणत नाही.

आणि 18 हाही सापेक्षच बरं का. ब्रिक्स 20 अंश सेल्सिअसच्या हिशेबाने लावलेलं असतं. तापमानाची आपोआप दुरुस्ती नसलेलं साधं यंत्र 30 अंशाच्या उन्हात धरलं तर ते सुमारे पाऊण अंश कमी दाखवतं. व्यापारी आणि बागाईतदार यांची हुज्जत बऱ्याचदा त्या पाऊण अंशावर असते आणि दोघंही समोरच्याला लबाड समजत असतात.

प्रश्नकर्ता
मग असं म्हणू का, की अपेक्षा पूर्ण लिहिली की सापेक्ष विधान निरपेक्ष होतं?

म्हसरूळकर
जैन तर्कशास्त्रात जवळपास हेच सांगितलंय, आणि शब्दही हाच वापरतात: ‘अमुक अपेक्षेने’. स्याद्वादातल्या ‘स्यात्’चं भाषांतर सर्रास ‘कदाचित’ असं करतात, ते चूक. त्याचा अर्थ ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ असा आहे, त्यात शंका अजिबात नाही. अपेक्षा चार बाजूंनी सांगायची: द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव. समोरचा माठ मातीच्या द्रव्याने आहे, तांब्याच्या द्रव्याने नाही; नाशिकच्या क्षेत्रात आहे, पुण्याच्या नाही; या उन्हाळ्यात आहे, पुढच्या असेलच असं नाही; लाल म्हणून आहे, काळा म्हणून नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही ठाम. दोन्ही एका दमात सांगायला गेलं की ‘अवक्तव्य’, म्हणजे शब्दांत न सांगता येणारं. या तिघांच्या जुळणीतून सात भंग, म्हणजे विधानाचे सात प्रकार, होतात, तीच सप्तभंगी.

जैन मत म्हणजे ‘सगळ्यांचंच खरं’ अशी समजूत आहे, तीही इथेच कोसळते. सगळ्या अपेक्षा एकत्र जाणणारं केवलज्ञान ते मानतातच.

पंचांगी
प्रश्नकर्त्यांना ‘हो’ म्हणेन, पण अर्धं. ‘आज एकादशी आहे’ हे उद्या खोटं ठरतं. ‘अमुक तारखेला नाशिकच्या सूर्योदयाला एकादशी होती’ हे पुन्हा कधीच खोटं ठरत नाही. त्याला त्रिकालाबाधित म्हणायला हरकत नाही. वेदान्त्यांना हे चालणार नाही, कारण त्यांच्याकडे ‘बाध’ म्हणजे पुढच्या ज्ञानाने आधीचं ज्ञान पुसलं जाणं, जसा दिवा लावल्यावर दोरीवरचा साप पुसला जातो. तिन्ही काळांत असं पुसलं जात नाही ते एक ब्रह्मच. माझी एकादशी त्यांच्या ‘व्यावहारिक सत्ते’त, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरत्या खरेपणात, बसते. वर्तमानपत्रात मात्र ‘महागाई हे त्रिकालाबाधित सत्य’ असं खुशाल छापून येतं.

उरलेलं अर्धं असं. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, म्हणजे नाशिकचा कुंभमेळा, 2003 आणि 2015 चा तसाच झाला. पण सिंह कोणता? निरयन (स्थिर ताऱ्यांच्या हिशेबाने मोजलेल्या) आणि सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) राशींत आज सुमारे 24 अंशांचं अंतर आहे, त्यामुळे सायन सिंहेत गुरू काही महिने आधीच पोचतो. ‘निरयन गणनेने गुरू सिंहेत आहे’ हे विधान पक्कं. ‘पर्वणी निरयनानेच धरावी’ हे कुठल्या मोजणीतून निघतं? रूढीने ठरलंय, आणि रूढी पाळली जाते वा मोडली जाते, ती खरी किंवा खोटी नसते.

सातपूरकर
इथे मतभेद आहे. दाबाचा शून्य कुणी रूढीने ठरवलेला नाही. निर्वातापेक्षा कमी काही उरतच नाही. काही अपेक्षा निवडलेल्या असतात, काही सापडलेल्या. दोघींना एकाच पोत्यात घालू नका. प्रकाशाचा वेगही तसाच: सापेक्षतेच्या सिद्धांतातच तो सर्व निरीक्षकांना सारखा, सेकंदाला 29,97,92,458 मीटर. त्या सिद्धांताचं नाव घेऊन ‘सगळंच सापेक्ष’ म्हणणारे नेमकं हेच विसरतात.

पंचांगी
दाबापुरतं मान्य. पर्वणीला असा शून्य दाखवा, मग बोलू.

गोदाकाठ
तो वाद चालू द्या, लिहिणाऱ्यांसाठी वापराचं तेवढं सांगतो. समास करताना अपेक्षा आधी येते: स्थलसापेक्ष, कालसापेक्ष, व्यक्तिसापेक्ष. नुसतं ‘सापेक्ष’ लिहून सोडू नये, वाचणारा हमखास ‘व्यक्तिसापेक्ष’ समजतो. वाक्यात ‘जमिनीच्या सापेक्ष वेग’ हा पाठ्यपुस्तकातला वापर रुळलाय. बोलताना ‘जमिनीच्या हिशेबाने’ जास्त स्वच्छ वाटतं. ‘सापेक्षतः स्वस्त’ लिहू नये, ‘त्या मानाने स्वस्त’ आहे की आपल्याकडे. ‘धर्मनिरपेक्ष’मधला ‘निरपेक्ष’ही हाच, धर्माकडे न पाहता, आशा-निराशेचा त्यात काही भाग नाही.