खिशात रोज चाकू: सोय, संरक्षण की नसती आफत?

रानवाटा (धागाकर्ता)

खिशात चाकू बाळगणारा माणूस एक तर गुंड असतो नाहीतर चक्रम, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. मी सीसीटीव्ही आणि नेटवर्क केबलिंगची कामं घेतो, सुट्टीत डोंगरात भटकतो आणि माझ्या उजव्या खिशात लाल रंगाचा स्विस चाकू असतो. ९१ मिलिमीटरचा, मिटला की बोटाएवढा. केबल टाय कापणं, राउटरची खोकी उघडणं, वायर सोलणं, सैल स्क्रू आवळणं, दुपारी पेरू कापणं, सगळं त्याच्यावर चालतं. बाकीचे हीच कामं किल्लीने नाहीतर दाताने करतात आणि वर मलाच हसतात.

जुन्या लोकांना याचं काही वाटत नसे. पानाच्या चंचीत अडकित्ता असायचाच, गुराख्याकडे विळा असायचा. शहरात येऊन आपण एवढे नाजूक कधी झालो?

आता वादाचा मुद्दा. माझं परतणं पुष्कळदा रात्रीचं, एमआयडीसीच्या सामसूम रस्त्यांवरून असतं. कुणी आडवा आलाच तर रिकाम्या हातापेक्षा हातात काहीतरी असलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. कायदाही पाहून ठेवलाय. शस्त्र नियमांप्रमाणे पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर परवान्याचा प्रश्न येतो. माझं पातं त्याच्या एक तृतीयांशही भरत नाही. मग हरकत कशाला? मतं येऊ द्या.

नारळीपोफळी

चाकूचं काय घेऊन बसलात! आमच्याकडे माणूस कमरेला आकडी आणि आकडीत कोयता लावूनच घराबाहेर पडतो. तसाच चहाच्या टपरीवर बसतो, तसाच ग्रामपंचायतीत डोकावतो. पोलीस पाटीलही तसाच. खिशात कलमं बांधायचा चाकू वेगळा. पावसाळ्यात कोय कलमांचे दिवस आले की तो हातातून सुटत नाही. त्याला धार एकाच बाजूने असते. त्याने मी आंबासुद्धा कापत नाही, घरच्यांना तर हातच लावू देत नाही.

पण संरक्षणाचं म्हणाल तर ते कधी डोक्यातच आलं नाही. बिबट्या दिसला तर बोंब ठोकायची, एवढंच आम्हाला शिकवलंय.

कज्जेदलाल

रानवाटा, ९ इंचांचा आकडा बरोबर आहे, पण तो परवान्यापुरता. ते अभयपत्र नव्हे. गेली बरीच वर्षं फौजदारी कोर्टात काळा कोट घालून उभा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात तुमच्यासारख्याची गाठ पडते ती महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ मधल्या कलम ३७ शी. सण, निवडणूक, मोर्चा, काहीही निमित्त होतं आणि पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ३७(१) खाली मनाई आदेश काढतात. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात, त्या तुम्ही-आम्ही वाचत नाही. त्या यादीत तलवारी, भाले, बंदुकांच्या पंगतीला सुरे, काठ्या, लाठ्या असतात आणि शेवटी शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू. पातं किती इंची, हे तिथे कुणी मोजत नाही. असा आदेश ठरावीक मुदतीचा असतो हे खरं, पण एक संपला की दुसरा निघायला कितीसा वेळ लागतो? मोडलात तर कलम १३५: एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायाधीशांनी कारणं लिहून दिल्याखेरीज ती चार महिन्यांखाली येत नाही.

शिवाय राज्य बदललं की गणित बदलतं. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटनदार (बटण दाबताच उघडणारे) आणि गरारीदार (दातेरी खाचांवर करकरत उघडणारे) चाकूंची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीवर आणली आहे. तुमचा चाकू बटनदार नाही म्हणून सुटलात.

आता मूळ गोष्ट. नाकाबंदीत हवालदाराने विचारलं, "हे कशाला?" तर "केबल कापायला" हे उत्तर झालं. पिशवीत क्रिम्पिंग टूल आणि वायरचं भेंडोळं असेल तर तो बहुतेक वेळा पुढे जा म्हणेल. "कुणी आडवा आला तर असू द्यावा म्हणून" असं म्हणालात की अवजाराचं शस्त्र तुम्ही स्वतःच्या तोंडाने केलंत. पुढे पंचनाम्यात काय लिहायचं हे त्याला शिकवावं लागत नाही. आणि उद्या खरंच कुणाला लागलं, तर सरकारी वकील तुमचा हा धागा छापून कोर्टात लावतील. गंमत करत नाहीये.

उगाचखवचट

धागाकर्त्याने ताबडतोब आयडी बदलावा.

रानवाटा

हा कुठला न्याय? नारळीपोफळींनी हातभर कोयता मिरवला तर तो शेतकरी, आणि मी बोटभर पातं ठेवलं तर आरोपी?

कज्जेदलाल

घरकाम, शेती, उद्योग किंवा शास्त्रीय कामासाठी घडवलेली हत्यारं ९ इंचांच्या त्या यादीतून वगळलेली आहेत. म्हणून ऊसतोड कामगार बीडहून कोल्हापूर-सांगलीच्या फडावर कोयते घेऊन जातो आणि त्याला कुणी अडवत नाही. तोच कोयता रात्री बाइकवर तिघांच्या मध्ये निघाला की काय होतं ते पुणेकरांना विचारा. २०२३ मध्ये तिथे वेळ अशी आली की कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या असं पोलिसांना दुकानदारांना सांगावं लागलं. वस्तू तीच असते. कुठे, कधी, कुणाबरोबर आणि कशासाठी, यावर सगळं ठरतं.

गोदातीर

मी नांदेडचा. आमच्याकडे कृपाण रस्त्यात, बँकेत, भाजी बाजारात रोज दिसतं. घटनेच्या अनुच्छेद २५ मध्येच त्याची तजवीज आहे. लहानपणापासून पाहतोय, ते बघून कधी छातीत धस्स झालं नाही. म्हणजे पातं दिसलं की घाबरायचं हे काही जन्मजात नाही, सवयीचा भाग आहे. रानवाटांच्या पहिल्या मुद्द्याला माझा पाठिंबा. दुसऱ्याबद्दल बोलत नाही.

शेवटची_लोकल

इतका वेळ वाचत होते. सगळे पुरुष एकमेकांना कलमं समजावताहेत म्हणून आता लिहिते.

माझ्या पर्समध्ये फळं कापायचा चाकू असतो. तो फळांसाठी नाही, आणि हे मी कुठेही लिहीन. रात्रीच्या लेडीज डब्यात पोलीस असतो, मान्य. स्टेशनबाहेरच्या स्कायवॉकवर कोण असतं? तिथून रिक्षाच्या रांगेपर्यंत कोण असतं? जानेवारी २०१३ मध्ये, दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, शिवसेनेने मुंबईत बायकांना छोटे चाकू वाटले होते तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. २०१७ मध्ये दिल्ली मेट्रोची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफने (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) बायकांना छोटा चाकू जवळ ठेवायची सूट दिली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. म्हणजे सरकारी यंत्रणेलाही कळतं की काही वेळा तुमचं तुम्हालाच बघावं लागतं.

आणि कज्जेदलाल, तुम्ही अर्धीच बाजू मांडलीत. खासगी संरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये धडधडीत लिहिलाय. बलात्काराच्या इराद्याने हल्ला झाला तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्क टिकतो. २०१० च्या दर्शनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही म्हटलंय की संकटातल्या माणसाने भेकडासारखं पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि त्या क्षणी त्याने सोन्याच्या काट्यावर तोलून बळ वापरावं अशीही नाही. हे का सांगत नाही तुम्ही?

कज्जेदलाल

ताई, दर्शनसिंगचा दाखला चोख आहे आणि तो मी स्वतः कोर्टात वापरलाय. पण त्याच संहितेचं कलम ३७ वाचा: गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच नाही. शिवाय हा बचाव उभा राहतो तो खटल्यात. त्याआधी गुन्हा दाखल होतो, तो धारदार हत्याराने दुखापतीचा, कलम ११८ चा. अटक, जामीन, तारखा, नोकरीच्या ठिकाणी कुजबुज. शेवटी सुटाल, माझीही तीच खात्री आहे. पण मधली वर्षं कुणी परत देत नाही.

शेवटची_लोकल

ती वर्षं मला चालतील. दुसरा पर्याय काय आहे ते मला ठाऊक आहे.

टाकेवाला

कायद्याचं मला कळत नाही. अपघात विभागात काम करतो, तिथलं सांगतो.

मिटणाऱ्या चाकूने जखमी होऊन येणाऱ्यांत बरेच जण तो स्वतःच धरलेले असतात. धागाकर्त्याच्या त्या लाल ९१ मिलिमीटर चाकूला लॉक नाही. पातं फक्त पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. पेरू कापताना जोर धारेच्या दिशेने पडतो, तेव्हा ठीक. टोचायला गेलात आणि टोक हाडाला किंवा जीन्सच्या जाड शिवणीला अडलं की पातं मिटतं, ते थेट तुमच्या चार बोटांवर. बोट वाकवणारी कंडरा तुटली की नुसते टाके घालून भागत नाही. हाताच्या सर्जनकडे जावं लागतं, पुढे कित्येक आठवडे स्प्लिंट आणि व्यायाम, आणि तरी मूठ पूर्वीसारखी वळेल याची हमी नाही. लॉकवाला घेतलात तरी मुठीपुढे आडवी पट्टी नसेल तर हात रक्ताने निसरडा होऊन पात्यावर घसरतोच.

दुसरं, सिनेमात चाकू लागला की माणूस कोसळतो. आमच्याकडे पोटात वार झालेले लोक स्वतः चालत आले आहेत, भांडत आले आहेत. म्हणजे ज्याला थांबवायचं तो थांबत नाही, उलट चिडतो. आणि मांडीतल्या रोहिणीला इंचभर पातं लागलं तर तोच माणूस काही मिनिटांत जातो. यातलं काय होणार हे अंधारात, घाबरलेल्या हाताने कुणी ठरवू शकत नाही. मी तर इतक्या वर्षांनी, उजेडात, टाक्याची गाठ कुठे पडेल ते सांगू शकत नाही!

दंडबैठक

टाकेवाला साहेबांना दंडवत. मुलींना स्वसंरक्षण शिकवतो, त्यामुळे शेवटची_लोकल ताईंची भीती मला परकी नाही. फक्त एक प्रयोग घरी करा. चाकू पर्समध्ये नेहमीच्या जागी ठेवा, एका हातात मोबाइल, खांद्यावर डब्याची पिशवी. भावाला सांगा की पाचसहा पावलांवरून धावत ये. चाकू बाहेर येऊन पातं उघडेपर्यंत तो तुमच्यापर्यंत पोचलेला असेल. आणि पोचला की ज्याच्या अंगात जास्त ताकद, चाकू त्याचा.

आम्ही शिट्टी, छत्री आणि पेपर स्प्रे शिकवतो. हातात, पर्समध्ये नाही. स्प्रे मारायचा तो पळायला जागा करायला, मग उजेडाकडे पळायचं आणि ११२.

कज्जेदलाल

स्प्रेही जपून. मे २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, जागेच्या भांडणात पेपर स्प्रे मारला म्हणून दाखल झालेला गुन्हा रद्द करायला नकार दिला आणि त्याला घातक हत्याराच्या रांगेत बसवलं. अंगावर आलेल्या माणसाविरुद्ध वापरणं वेगळं, शेजाऱ्याशी हुज्जत घालताना वापरणं वेगळं.

थेम्सकाठी

इंग्लंडात हे सगळं काटेकोर आहे. मिटणारा, लॉक नसलेला, ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू विनाकारणही खिशात चालतो. लॉक असला की योग्य कारण द्यावं लागतं, आणि स्वसंरक्षण हे कारण धरतच नाहीत. उलट तसं सांगितलंत तर अडकता. म्हणजे टाकेवाला ज्याला धोकादायक म्हणतात, नेमका तोच इथे कायदेशीर! अवांतर: तुमच्या त्या लाल चाकूच्या कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं की पातं नसलेल्या खिशातल्या अवजारावरही काम सुरू आहे. जगभरचे कायदे कडक होताहेत म्हणून.

उगाचखवचट

पातं नसलेला चाकू. पुढच्या वर्षी तंबाखू नसलेली चंची.

शेवटची_लोकल

दंडबैठक सर, प्रयोग करून बघेन, स्प्रेही घेईन. पण चाकू काढणार नाही. मला तो वापरायचाच आहे असं नाही. तो आहे म्हणून मी मान वर करून, इकडेतिकडे बघत चालते. त्या चालण्याचा उपयोग होतो, यावर तुम्हीच वर्गात तास-तासभर बोलत असाल.

दंडबैठक

बोलतो. तिथे तुमच्याशी वाद नाही. पण पर्समध्ये काय आहे याच्या भरवशावर आखूड, अंधारी वाट धरू नका. मला भीती त्याची वाटते, आणि ती फक्त मुलींबद्दल नाही. रानवाटा, तुम्हीही हो.

नारळीपोफळी

टाकेवाला साहेब, कंडरेचं वाचून आज कलमाचा चाकू धरताना दोनदा बोटं बघितली. आमच्याकडे अंगठ्याला चिंधी गुंडाळायची पद्धत आहे, त्याला आता मान द्यायला हवा.

रानवाटा

भरपूर मिळालं. स्वसंरक्षणाबद्दल माझं मत पूर्ण हललेलं नाही. डॉक्टरांचा लॉकचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, या चाकूने मारामारी करता येणार नाही. कज्जेदलाल, एक व्यवहाराचं सांगा. चाकू खिशातून काढून कामाच्या किटमध्ये, पक्कड-स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी ठेवला तर फरक पडतो का? आणि नाकाबंदीत काढून घेतलाच तर?

कज्जेदलाल

पडतो, चांगलाच पडतो. किटमध्ये ठेवा, सोबत कामाचं चलन किंवा ऑर्डरचा मेसेज असू द्या. गणपती, निवडणूक, बंद असल्या दिवसांत किट घरी न्यायची नसेल तर साइटवरच कुलपात ठेवा. मॉलमध्ये, मेट्रोत हुज्जत घालू नका. विमानाला जाताना चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिन बॅगेत राहिला तर तो गेलाच समजा. काढून घेतला तर आवाज न चढवता जप्ती पंचनाम्याची प्रत मागा, सही करण्याआधी पूर्ण वाचा आणि त्यात पात्याची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहायला लावा. नुसतं "एक धारदार शस्त्र" एवढंच लिहिलं असेल तर सहीच्या शेजारी तुमच्या हाताने माप लिहा.