वयस्कर माणसांचं मणक्याचं ऑपरेशन, ८-१० वर्षांनी काय परिस्थिती असते?

सांगलीकर_७७
नमस्कार मंडळी. आईचं वय ७२. दोन वर्षं झाली, चालायला लागली की दहा मिनिटांत दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात, मग कुणाच्या तरी कट्ट्यावर टेकायचं, टेकलं की पाच मिनिटांत बरं. गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे तिथपर्यंत जाताना तीनदा बसते. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी स्टेनोसिस, म्हणजे नसांची जागा अरुंद होऊन नसा दबल्यात. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, मणके जोडायला स्क्रू पण टाकावे लागतील म्हणाले. ज्याला विचारावं तो म्हणतो आमच्या मामांचं झालं, तिसऱ्या दिवशी चालायला लागले. अहो तिसऱ्या दिवसाचं नको, आठ-दहा वर्षांनी ते मामा कसे आहेत ते सांगा की!

पायथ्याचा_सातारकर
आमच्या आण्णांचं २०१४ ला झालं, तेव्हा ६७ चे होते. पायातलं दुखणं गेलं ते गेलंच, नंतर कित्येक वर्षं राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत यायचे. कंबर मात्र आधीही दुखायची, आताही दुखते, सकाळी भिंत धरूनच उठतात. डॉक्टर आधीच बोललेले की हे पायासाठी आहे कंबरेसाठी नाही, पण आम्ही कुठं नीट ऐकतोय, त्यामुळं आण्णा वर्षभर उगाच डॉक्टरवर चिडून होते. आता दोनेक वर्षं चालणं परत कमी झालंय, त्यात गुडघ्यांचं किती आणि मणक्याचं किती देव जाणे.

फिजिओताई
आण्णांसारखंच अभ्यासातही दिसतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात ८ ते १० वर्षं पेशंट बघितले, पायाचं दुखणं आणि हालचाल ऑपरेशनवाल्यांची न केलेल्यांपेक्षा चांगली, कंबरदुखी मात्र दोन्हीकडं सारखीच. स्पोर्ट नावाच्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेले, त्यात चार वर्षं ऑपरेशनवाले पुढं होते, सहा ते आठ वर्षांत फरक उरला नाही. पण ज्यांनी स्वतः निवड केली त्यांच्यात फायदा टिकला, म्हणजे चित्र एकसारखं नाहीये. आठ वर्षांत शंभरात साधारण १८ जणांना परत ऑपरेशन लागलं. आणि स्क्रूचं म्हणाल तर स्वीडनचा २०१६ चा अभ्यास आहे, ५० ते ८० वयाचे लोक, नुसती नस मोकळी केली काय आणि वर मणके जोडले काय, दोन वर्षांनी फायदा सारखाच, पाच वर्षांनीही तेच. मणका जागेवरून खरंच हलत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून पुढं-मागं वाकवून एक्स-रे काढलाय का ते विचारा. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा पाय अचानक लुळा पडला तर मात्र विचार करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घाटावरची_सून
सासूबाईंना स्क्रू टाकलेले, सहा वर्षांनी त्याच्या वरचा मणका गेला, दुसरं ऑपरेशन. हाडं ठिसूळ आहेत का हे पहिल्यांदा कुणी तपासलंच नव्हतं, त्यासाठीचा डेक्सा स्कॅन दुसऱ्या वेळी झाला. तुम्ही आधी करून घ्या, आणि शुगर असेल तर ती पण आटोक्यात आणा. खर्चाचं बघताय तर, ७० च्या वरच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला घरटी ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही, फक्त ते हॉस्पिटल आणि तेच ऑपरेशन यादीत आहे का ते आधी बघा.

सांगलीकर_७७
सगळ्यांचे आभार. वाकवून एक्स-रे काढलेलाच नाही, नुसता सरळ झोपवून एमआरआय झालाय. सोमवारी जातोय. आईला विचारलं तुला नक्की काय हवंय, तर म्हणाली कंबर दुखू दे, न बसता देवळापर्यंत गेले तरी पुरे.