आजी गिरणीत वायंडिंगला होती, तिची नोंद कुठे मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईची आई लालबागच्या एका गिरणीत वायंडिंग खात्यात (सूत गुंडाळायचं खातं) होती. आमच्याकडे 'गिरणी कामगार' म्हटलं की फक्त आजोबा, आजीचं काय तर "जायची थोडे दिवस". परवा आईच्या पत्र्याच्या पेटीत आजीचा गिरणीचा पितळी बिल्ला सापडला, नंबर अर्धा घासलाय पण 4 आणि 7 दिसतात, आणि आई म्हणाली थोडे दिवस कसले, चांगली 11 वर्षं होती की!

आता माझा गोंधळ असा, की 1929 चा मुंबईचा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आणि 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमधलं कलम 66, म्हणजे बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामाला लावायचं नाही, हे दोन्ही बायकांच्या भल्यासाठीच होते, पण भत्ता मालकाच्या खिशातून आणि रात्रपाळी फक्त पुरुषांना, मग मालक बाईला कशाला ठेवेल? आजी म्हणायची, "मशीन नवी आली, पाळ्या वाढल्या, आम्हाला घरी बसवलं." आणि नंतर रेशनकार्डावर काय, तर 'गृहिणी'. मला तर हे वाचून रागच आला.

तर विचारायचं होतं, जुने मस्टर किंवा पीएफची नोंद अर्ध्या नंबरवरून निघते का? गिरणी तर कधीच पाडली. आणि कुणाची आजी, मावशी वायंडिंग किंवा रीलिंगला (सुताच्या लडी करायचं खातं) असेल तर तिला कसं आणि कधी काढलं तेही लिहा प्लीज. आई 74 वर्षांची आहे, तिला विचारून घ्यायचं तर आत्ताच.