तिसरीची मुलं सांगतात भरभरून, लिहायला बसली की तीन ओळी

वर्गशिक्षिका: जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी, पट 21. रात्री घरी शेळी व्यायली ते काल एका मुलीने हातवारे करून सांगितलं. मोबाइलचा टॉर्च, दुसरं करडू उलटं, आजीने पोत्याने पुसलं, सगळं. म्हटलं, हेच लिही. वहीत काय? 'शेळी पाळीव प्राणी आहे. शेळी दूध देते. मला शेळी आवडते.' कुठून सुरुवात करू?

फळाखडू: 'शेळी' हा विषय दिलात की निबंधच येणार. 'करडू बाहेर आलं तेव्हा आजी काय म्हणाली?' एवढंच विचारा. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहा, घरची बोली असली तरी. मी पहिल्या खेपेला लाल पेन उघडतच नाही.

जुनेमास्तर: पेन उघडा हो, पण एका वेळी एकच नियम. आमच्याकडे आठवडाभर फक्त शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ: पाणी, वाटी. 'आणि', 'नि' असे थोडे वेगळे. पुढच्या आठवड्यात फूल-फुलाला. सगळ्याच चुकांना गोल केले की पोरं येतात तेवढेच शब्द लिहितात.

वर्गशिक्षिका: आज आजीचा प्रश्न विचारला. तिने लिहिलं, 'आजी बोल्ली थांब त्याचं नाक पूस शास कोंडतोय.' 'शास'ला हात लावला नाही. आता शेजारचा मुलगा रुसलाय, त्याच्या घरी शेळीच नाही!

फळाखडू: त्याला रुसण्यावरच लिहू द्या.