मंदिर, देऊळ की राऊळ? जेरुसलेमच्या 'बेत हमिक्दाश'ला मराठीत काय म्हणावे

प्रश्न

जेरुसलेमच्या प्राचीन यहुदी मंदिराची पुन्हा उभारणी व्हावी म्हणून काही संस्था तयारी करत आहेत. त्यांच्यावरचा एक लेख मी मराठीत आणते आहे आणि तीन शब्दांपाशी अडले आहे. 'टेम्पल'ला मंदिर म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मूर्ती, घंटा, प्रदक्षिणा येणार. तरी म्हणावे का? 'थर्ड टेम्पल'च्या बांधणीला 'जीर्णोद्धार' चालेल का? आणि त्यांना हवी असलेली 'रेड हेफर' म्हणजे लाल गाय की लाल वासरू?

प्रतिसाद

मंदिर जरूर म्हणा. मराठी बायबलात शलमोनाने बांधले ते मंदिरच आहे. त्याआधी वाळवंटातल्या प्रवासात बरोबर नेलेल्या तंबूला तिथे 'निवासमंडप' असा सुरेख शब्द आहे. दोन्ही शब्द रुळलेले आहेत, ते सोडू नका.

हिब्रूत या वास्तूचे नाव 'बेत हमिक्दाश', म्हणजे पवित्र स्थानाचे घर. बोलताना मात्र लोक नुसते 'घर' म्हणतात. 'बायित रिशोन' म्हणजे पहिले घर, शलमोनाचे, जे इ.स.पू. ५८६मध्ये बाबिलोनी सैन्याने पाडले. 'बायित शेनी' म्हणजे दुसरे, इ.स.पू. ५१६मध्ये पुरे झालेले आणि इ.स. ७०मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने जाळलेले. ज्याची वाट पाहिली जाते ते 'बायित श्लिशी', तिसरे घर. ती टेकडीसुद्धा 'हर हबायित', म्हणजे घराचा डोंगर. आता आपल्याकडे पाहा. देऊळ आले 'देवकुल'वरून, आणि इथे कुल म्हणजे घर. संस्कृतात मंदिर या शब्दाचाही एक अर्थ राहते घर असाच आहे. म्हणजे दोन्ही शब्दांत ते 'घर' आधीपासून आहे.

याहून जवळचा शब्द आहे राऊळ, आणि त्याबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही. हिब्रूत मंदिराच्या मुख्य दालनाला 'हेखाल' म्हणतात. हा शब्द अक्कादी 'एकल्लू'वरून आला आणि तो सुमेरी 'ए-गल'वरून, म्हणजे 'मोठे घर', राजवाडा. बायबलात अहाब राजाचा वाडाही हेखाल आणि शिलो इथले देवाचे स्थानही हेखालच. आपले राऊळ 'राजकुल'वरून आले. तोही आधी राजाचा वाडा, मग विठोबाचे राऊळ. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन भाषांनी राजाच्या घराचे नाव देवाच्या घराला दिले. लेखात हेखालसाठी राऊळ वापरा असे मी म्हणणार नाही, वाचक थेट पंढरपूरला पोचेल. पण तळटीप दिलीत तर तिचे सोने होईल.

'गाभारा' मात्र टाळाच. गाभाऱ्यात मूर्ती असते. दुसऱ्या मंदिराचे सर्वांत आतले दालन रिकामे होते आणि महायाजक, म्हणजे मुख्य पुरोहित, तिथे वर्षातून एकाच दिवशी, योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, जात असे. त्यासाठी 'परमपवित्रस्थान' हा बायबलातला शब्दच योग्य.

सिनेगॉगला मंदिर म्हणू नका, कारण यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे मंदिर एकच आणि त्याची जागाही एकच. सिनेगॉग गावोगावी असतात, तिथे प्रार्थना होते, बळी दिला जात नाही. पुण्याच्या कॅम्पातल्या १८६७च्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला लोक 'लाल देऊळ' म्हणतात, ते नाव तसेच ठेवावे. लोकांनी दिलेले नाव शास्त्राने दुरुस्त करू नये.

आता जीर्णोद्धार. हेरोद राजाने दुसरे मंदिर उभे असतानाच ते वाढवले, सजवले. त्याच्या कामाला जीर्णोद्धार हा शब्द चपखल बसतो. तिसऱ्यासाठी तो साफ चुकतो, कारण जीर्ण व्हायला तिथे मंदिर उरलेलेच नाही. उरल्या आहेत त्या पटांगणाला टेकू देणाऱ्या भिंती, त्यांतली पश्चिमेची सर्वांत ओळखीची. वर इ.स. ६९१-९२पासून खडकावरचा घुमट आहे आणि त्याच आवारात अल-अक्सा मशीद. मुसलमानांसाठी ते 'हरम अल-शरीफ', अत्यंत पवित्र. हे नावही लेखात आलेच पाहिजे. टेकडीला एकाच बाजूचे नाव दिले की अनुवादकाने बाजू घेतली असे होते, आणि तिथे या नावांवरून रक्त सांडलेले आहे.

म्हणून 'पुनर्बांधणीची तयारी' म्हणा, किंवा मला अधिक आवडणारा शब्द, 'सिद्धता'. पूजेची सिद्धता म्हणतो तशी. त्या टेकडीवर बांधकाम चाललेले नाही, चालली आहे ती सिद्धताच. रब्बी यिस्राएल एरियल यांनी १९८७मध्ये स्थापलेल्या 'मखोन हमिक्दाश' या संस्थेने सोन्याने मढवलेला सात फांद्यांचा मेनोरा, म्हणजे दिव्यांचे झाड, घडवून घेतला आहे. मराठी बायबलात त्याला 'दीपवृक्ष' म्हटले आहे. पश्चिम भिंतीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांजवळ तो काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. त्याशिवाय चांदीचे कर्णे, महायाजकाची वस्त्रे, बारा रत्नांचा ऊरपट. मूळ हिब्रू शब्द 'केलीम'. त्याचे 'भांडी' करू नका, 'उपकरणी' म्हणा. आपल्या देवघरातला नेमका शब्द तोच आहे.

आणखी एक जोडी. बळीसाठी हिब्रू शब्द 'कोरबान', धातूचा अर्थ जवळ येणे. त्याचा अरबी भाऊबंद कुर्बान, आणि त्यावरून आपली कुर्बानी. 'बळी'त मारणे ऐकू येते, 'कोरबान'मध्ये जवळीक. 'अर्पण' म्हटलेत तर थोडे हाती लागेल.

प्रतिसाद

शेतकऱ्याच्या घरातला म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे सांगतो. 'तांबडी कालवड' म्हणा. गुरांच्या रंगाला आमच्याकडे कोणी लाल म्हणत नाही. गाय तांबडी असते, कपिला असते, काळी-बांडी असते. वासरू म्हटले तर फार लहान आणि गोऱ्हा की कालवड तेही कळत नाही. गाय म्हटले की व्यालेली वाटते.

प्रतिसाद

अगदी पटले, आणि शास्त्रही तुमच्याच बाजूचे आहे. हिब्रू 'पारा' म्हणजे गायच, पण मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संहितेतले बहुसंख्य पंडित तिचे वय तीन-चार वर्षे सांगतात. मानेवर कधी जू ठेवलेले नसावे, ती फळलेली नसावी आणि दोन केस जरी काळे निघाले तरी ती बाद. या सगळ्या अटी 'कालवड' शब्दात जवळजवळ मावतात. तिची राख पाण्यात मिसळून शिंपडल्याशिवाय प्रेताच्या स्पर्शाचा विटाळ जात नाही, म्हणून सिद्धतेत तिचा नंबर पहिला. मिश्नाप्रमाणे मोशेपासून आजवर फार तर नऊच कालवडी झाल्या आणि मध्ययुगातला यहुदी धर्मपंडित मायमोनिदीस याने लिहून ठेवले की दहावी मशीहा, म्हणजे यहुदी ज्याची वाट पाहतात तो तारणहार, करील. सप्टेंबर २०२२मध्ये टेक्सासहून पाच कालवडी विमानाने इस्राएलमध्ये आणल्या गेल्या, त्या याचसाठी. हा विटाळ अजून फिटलेला नाही म्हणूनच इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाची पाटी टेकडीच्या वाटेवर आहे की यहुद्यांनी वर जाऊ नये. तिसरे घर मशीहाच बांधील, माणसांनी घाई करू नये, असे मानणारेही पुष्कळ आहेत. लेखात 'यहुद्यांची तयारी' असे सरसकट लिहू नका, 'काही यहुदी संस्थांची तयारी' लिहा.

प्रतिसाद

विषय निघालाच आहे तर कोकणातल्या बेने इस्राएलांचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचा, एक शब्द नोंदवते. सिनेगॉगला ते पूर्वापार 'मशीद' म्हणत आले. मुंबईत मांडवीला १७९६मध्ये बांधलेले त्यांचे पहिले सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाते आणि मस्जिद स्टेशनचे नाव त्यावरून पडले असे सांगतात. दोन्ही मंदिरे पडल्याच्या दुःखाचा उपास यहुदी पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला असतो. हिब्रूत तो 'तिशा बआव'. आपल्या मराठीत त्याचे नाव 'बिरड्याचा रोजा', कारण त्या वेळी जेवणात वालाचे बिरडे असे. तुमच्या लेखात तो दिवस आला असेल तर मराठी नाव तयार आहे, नवे घडवायला नको.