मदत हवी आहे: बडवानीत एक दिवस थांबून परवा शूलपाणीच्या जंगलात शिरायचंय, पायांचं काय करू?

पायपीट (शनिवार, संध्याकाळी 6:40)
नर्मदे हर. नर्मदा परिक्रमेचा आज दहावा दिवस, बडवानीत पोचलो. उद्या पूर्ण दिवस इथेच काढून परवा पहाटे निघायचं असं ठरवलंय. दोन्ही पायांना फोड आहेत. एका दिवसात बसतील का? बूट बदलू की हेच चालवू? शिवाय दोनेक किलो सामान घरी पार्सल करायचंय, कपडे धुवायचेत, पैसे काढायचेत, पॉवर बँक भरायचीय. आश्रमात दोन रात्री राहू देतात का? प्लीज थोडक्यात सांगा, मोबाइल 14 टक्क्यांवर आलाय आणि इथे एका सॉकेटला आठ जण लागलेत. 'पाय वर करून पडून राहा' हे सोडून काहीही सांगा.

तटस्थ (6:58)
फोड कुठे, टाचेला की चवड्याला? शाबूत की फुटलेले? आतलं पाणी साफ आहे की गढूळ? बूट कसले, किती वापरलेले, रोजच्या चपलेचा नंबर काय आणि बुटाचा काय? मोजे सुती का? एवढं लिहा, मग बोलू.
आणि उद्या रविवार आहे. पोस्टाचं पार्सल उद्या विसरा.

कमंडलू (7:05)
नर्मदे हर. मुक्काम एका ठिकाणी एकच रात्र, ही बहुतेक आश्रमांतली पद्धत. पण आजारी आणि पाय गेलेल्या परिक्रमावासीला कोणी बाहेर काढत नाही. आज रात्रीच व्यवस्था बघणाऱ्यांना पाय दाखवा आणि उद्याचं विचारून ठेवा. सकाळी नऊला विचारलंत तर तोवर तुमची जागा दुसऱ्या जथ्याला गेलेली असते. त्यांनीच पुढची धर्मशाळा सांगितली तर वाद न घालता जा. दुसऱ्या दिवशी सदाव्रतावर, म्हणजे आश्रमाच्या मोफत शिध्यावर, भार नको, शिधा आपला आणा.

फिरस्ता (7:11)
एवढ्याशा गावात कशाला अडकता? तास-दोन तासांत कुक्षी, नाहीतर थेट इंदूरची बस पकडा. चांगला डॉक्टर, चांगले बूट, एसी रूम. सोमवारी रात्री परत या.

कमंडलू (7:14)
कुक्षी आणि इंदूर दोन्ही उत्तर तटावर आहेत. बस पुलावरून नर्मदा मैया ओलांडणार. मध्येच मैया ओलांडली की परिक्रमा खंडित! दक्षिण तटाने निघालेल्याला हा सल्ला देताय?

फिरस्ता (7:16)
पायाला जंतुसंसर्ग झाला तरी पूल ओलांडायचा नाही का?

तटस्थ (7:22)
जिवावर बेतलं तर कोणीही ओलांडेल. पण दोन फोडांना इंदूर लागत नाही. बडवानी जिल्ह्याचं ठिकाण आहे, सरकारी जिल्हा रुग्णालय आहे. रविवारी बाह्यरुग्ण विभाग नसला तरी तातडीच्या विभागात ड्रेसिंग होतं. त्याहून मोठं काही निघालंच तर खरगोन, सेंधवा, किंवा खेतियावरून शहादा. सगळं याच बाजूला.

मालवणी_गडी (7:30)
फोड बसले की तळव्याला रात्री आमसुलाचं तेल लावा. वडी असते ती, तव्यावर जरा कोमट करून चोळायची. भेगा मऊ पडतात.

सुधा_डों (7:34)
भेगांचं कोणी विचारलंय का? 🙂 गरम पाण्याच्या बादलीत मूठभर जाडं मीठ टाकून अर्धा तास पाय बुडवा. सूज उतरते, फोडही सुकतो.

औषधपेटी (7:45)
अर्धा तास भिजवलेली कातडी सुकत नाही, पांढरी पडून लिबलिबीत होते, आणि दुसऱ्या दिवशी फोडाच्या शेजारचीच सोलते. भिजवणं नको. धुवा, टिपून कोरडं करा, मोकळं ठेवा.
शाबूत फोड छोटा असेल आणि दुखत नसेल तर हात लावू नका. मोठा, टणक आणि पाऊल टाकलं की ठणकणारा असेल तरच रिकामा करायचा. मेडिकलमधून इंजेक्शनची बंद पाकिटातली सुई आणा, काही रुपयांत मिळते. फोडाच्या खालच्या कडेला दोन-तीन टोचे मारायचे, मधोमध नाही. गॉजने हळू दाबून पाणी काढा, वरची कातडी जागेवरच राहू द्या, ती फुकटची पट्टी आहे. वर पोव्हिडोन आयोडीनचं मलम, गॉज, पेपर टेप. फोडात दोरा ओवून ठेवतात तो प्रकार अजिबात नको, दोऱ्यातून घाण थेट आत जाते.
एक सावधगिरी: 'पायाला फोड' म्हटल्यावर दुकानदार कधी कधी कॉर्न कॅप काढून देतो. त्यात 40 टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते कुरूप जाळायला आहे, फोडावर लावलंत तर चांगली कातडी जळेल.

इतिहासवेडा (7:52)
येताना रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी पाहिलीत ना? 28 एप्रिल 1740 ला ते तिथेच गेले. दक्षिण तटावरच आहे, बरेच जण रस्त्याने सरळ पुढे निघून जातात. आता बडवानीत आहात तर बावनगजाही करून या, जैन तीर्थंकर आदिनाथांची 84 फुटी मूर्ती, डोंगरात कोरलेली.

तटस्थ (7:55)
फोड आलेल्या माणसाला डोंगर चढायला सांगताय.

पायपीट (8:20)
चार्जिंग मिळालं, 22 टक्के. डाव्या टाचेचा रुपयाएवढा फोड आज दुपारी फुटला, कातडी गुंडाळली गेली होती म्हणून ओढून काढली. उजव्या चवड्याखाली मोठा आहे, शाबूत. बूट ट्रेकिंगचे, निघायच्या आठवडाभर आधी घेतले, नंबर 8. चप्पलही 8. मोजे सुती. सोबत दोघं आहेत, त्यांना घाई आहे. वय 58, शुगरची गोळी चालू आहे पण कंट्रोलमध्ये आहे. बुटांचं सांगा आधी.

औषधपेटी (8:24)
शुगरचं तुम्ही शेवटून दुसऱ्या वाक्यात सांगताय! माझा टोचायचा सल्ला रद्द. मधुमेह असेल तर स्वतः सुई लावायची नाही. आज रात्री नाही, उद्या सकाळी उठल्याबरोबर जिल्हा रुग्णालय. दोन्ही पाय दाखवा, रक्तातली साखर मोजून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते सांगा. मातीतली जखम आहे, पाच वर्षं उलटली असतील तर ते देतील.
आज एवढंच करा: टाच पिण्याच्या पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा, कोरडा गॉज, सैल पट्टी. लालीच्या कडेने पेनने रेघ आखून ठेवा. सकाळी लाली रेघेबाहेर गेली असेल, पाय गरम लागत असेल, पू दिसला किंवा ताप आला तर तातडीचं समजा. तळवा दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून बघा. बधिरपणामुळे दुखत नाही आणि आत चिघळत जातं, मधुमेहात खरा धोका तो.
सुधाताई, गरम पाणी तर यांना मुळीच नको. संवेदना कमी असेल तर पाय भाजल्याचं कळत नाही.
गोळी नुसती मेटफॉर्मिन की सोबत ग्लिमेपिराइडही आहे?

सुधा_डों (8:31)
बरोबर आहे, मीठपाणी मागे घेते.

पायपीट (8:40)
पाकिटावर दोन्ही नावं आहेत. बूट??

औषधपेटी (8:46)
म्हणजे दिवसभर चालून जेवण लांबलं की ग्लिमेपिराइडमुळे साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड, गरगरणं. खिशात साखर किंवा ग्लुकोज हवंच. चिक्की पुरेशी नाही, दाण्यातल्या स्निग्धामुळे ती हळू पचते. शूलपाणीत दोन वस्त्यांमध्ये तासन्‌तास काही मिळत नाही. डोस कमी करायचा का, हे उद्या तिथल्याच डॉक्टरला विचारा, मनाने करू नका.

तटस्थ (9:02)
आता बूट. चालून चालून पाऊल पसरतं आणि सुजतं, म्हणून लांब चालीचा बूट रोजच्या चपलेपेक्षा एक नंबर मोठा लागतो. तुमचा 8 घट्ट आहे, आणि सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून टाच सोलली. चवड्याचा फोड डांबरावर पाय आत सरकल्याचा. निमाडात दुपारी रस्ता तापतो, त्याने भर पडते.
नवे घ्यायचेच तर 9 नंबर, आणि संध्याकाळी पाचनंतर, पाय सुजलेले असताना. आत नायलॉनचा पातळ मोजा, बाहेर जाड, म्हणजे घर्षण कातडीवर न होता मोज्या-मोज्यात होतं. दोन्ही घालून जा. उभं राहून अंगठ्यापुढे आडवं बोट मावलं पाहिजे. दुकानाची पायरी चार-पाचदा उतरून बघा, बोटं पुढे आपटली तर तो बूट नको.
नवे बूट घालून मात्र सरळ शूलपाणीत शिरू नका. पुढे चढ-उतार आणि सुटी खडी आहे, तिथे बूट चावला तर मध्येच कुठे बदलणार? आधी सपाटीवर दोन-तीन किलोमीटर, असं दोनदा.
उतारासाठी लेस अशी बांधा: सगळ्यात वरच्या भोकात लेस त्याच बाजूने आत घालून एक छोटी कडी सोडायची. समोरच्या बाजूची लेस त्या कडीतून ओवून खाली ओढायची, दोन्हीकडे, मग गाठ. टाच मागे घट्ट बसते, बोटं पुढे जात नाहीत.
आणि नखं कापा. सरळ, कोपरे न गोलावता. उतारावर वाढलेलं नख बुटाला आपटून खाली रक्त साकळतं.

कमंडलू (9:06)
परिक्रमेत नखं-केस काढत नाहीत.

तटस्थ (9:08)
काळंनिळं नख उखडून आपोआप पडतं, ते नियमात बसतं का?

कमंडलू (9:13)
नियम माझा नाही, ज्याने परिक्रमेचा संकल्प केला त्याने ठरवावं. पण विचारलं नसताना कापा म्हणू नये.

मालवणी_गडी (9:15)
कापूची नसतील तर कानशीन घासा. कापणा वेगळा, झिजणा वेगळा.

औषधपेटी (9:19)
मधुमेहींना तर तोच सल्ला देतात, नखं कापण्यापेक्षा घासा. कोपऱ्यात जखम होत नाही. वाद मिटला.

सुधा_डों (9:30)
कामांच्या यादीबद्दल लिहिते. गावातला विश्रांतीचा दिवस बहुतेक जण बाजारात घालवतात. एटीएम, मेडिकल, चांभार, परत आश्रम, परत बाजार, आणि संध्याकाळपर्यंत सहा-सात किलोमीटर होतात, तेही चपलेवर. सोबतचे दोघं आहेत ना? पैसे आणि खरेदी त्यांना सांगा, तुम्ही फक्त रुग्णालय आणि बुटाचं दुकान.
धुणं सकाळी नऊच्या आत, डिसेंबरचं ऊन लवकर उतरतं. मोजे उलटे करून तीन पाण्यांतून काढा, राहिलेला साबण घामात मिसळून कातडी खरवडतो. साबण बादलीत, मैयात नाही. बुटातले तळवे काढून वेगळे वाळवा, बुटात वर्तमानपत्र कोंबा. चुलीपाशी ठेवू नका, सोलचा डिंक सुटतो.
पॉवर बँक 10000 एमएएचची असेल तर एक अँपिअरच्या जुन्या चार्जरवर नऊ-दहा तास घेते, दोन अँपिअरवर पाचेक. रात्री सगळे झोपले की लावा.

फिरस्ता (9:41)
ओआरएस घ्या भरपूर.

औषधपेटी (9:44)
शुगरवाल्याने 'भरपूर' नाही, त्यात ग्लुकोज असतं. जुलाब झाले तर डॉक्टरच्या सल्ल्याने घ्या. आणि मोठं पाकीट एक लिटरचं, 4 ग्रॅमच्या आसपासचं छोटं 200 मिलिलिटरचं. मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका, मीठ दुप्पट होतं.

पायपीट (रविवार, दुपारी 1:15)
जाऊन आलो. साखर 212, नाश्त्यानंतर दीड तासाने. चवड्याचा फोड त्यांनीच रिकामा केला, टाच साफ केली, इंजेक्शन दिलं. चालणं बंद, बुधवारी परत दाखवायचं. रेघ आखली होती, लाली रेघेच्या आत आहे. सोबतचे दोघं उद्या पुढे जाणार. आता तीन दिवस इथे काय करू?

औषधपेटी (1:22)
ड्रेसिंग ओलं झालं तर लगेच बदला. अंघोळीला पायावर प्लास्टिकची पिशवी, वरून रबर. दुखण्यावर आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅक मनाने नको, पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण येतो. पॅरासिटामॉल पुरे.

कमंडलू (1:30)
सोबती जाऊ द्या. एकट्याने शूलपाणीत शिरू नका, मागून जथे येतच असतात. बुधवारी जो येईल त्याच्याबरोबर जा. परिक्रमेच्या वहीवर इथला शिक्का घेतलात का?

पायपीट (1:34)
घेतला. पार्सल उद्या कापडात शिवून न्यावं लागतं का? आणि जास्तीची पॉवर बँक त्यातच टाकतो, वजन कमी होईल.

सुधा_डों (1:38)
पुठ्ठ्याचा खोका आणि रुंद चिकटपट्टी चालते. पॉवर बँक टाकू नका, लिथियम बॅटरी टपालात घेत नाहीत. ती पुढे जाणाऱ्या सोबत्याला देऊन टाका, शूलपाणीत त्याला लागेल. आणि खोका घेऊन पोस्टात तुम्ही जायचं नाही.